आईची बदली

आमच्या घरात बदली या शब्दाला मोठा मान होता. दादा, म्हणजे माझे वडील, डोंगराकडच्या शाळेत गुरुजी होते आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली व्हायची. कधी पेठच्या बाजूला, कधी सुरगाण्याच्या. नाशिकरोडच्या रुळांपलीकडे आमची वसाहत होती. तिथल्या बाकीच्या बापांना काम असायचं किंवा नसायचं, बदली मात्र फक्त आमच्या दादांची व्हायची. "आमच्या ह्यांची पुन्हा बदली झाली," असं आई नळावर सांगायची तेव्हा तिचा हंडा भरून वाहत असायचा, आणि तरी तिला कुणी हटकत नसे. बदली होते ती पक्क्या नोकरीवाल्याची, एवढं शहाणपण सगळ्या वसाहतीला होतं. आई तक्रारीच्या सुरात बोलायची, पण तिचा चेहरा तक्रारीचा नसायचा.

दादा शनिवारी संध्याकाळी एस.टी.नं यायचे. सुरगाण्याहून निघालेली ती गाडी घाटात कुठे ना कुठे रुसायचीच. ते दारात आले की आधी नागलीच्या पिठाचा वास यायचा, मग दादा. पिठाची पिशवी, कधी करवंदं, कधी पोरांनी धरून दिलेले खेकडे असं काहीबाही सोबत असायचं. आई लगेच स्टोव्हला पंप मारायला बसायची. काळ्या नागलीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाचं पातळ पिठलं हा आमचा शनिवारचा थाट. रविवारी सकाळी बुद्धवंदना व्हायची, मग दादा माझा आणि मिलिंदचा, माझ्या धाकट्या भावाचा, अभ्यास घ्यायचे. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मी चुकले की माझ्याआधी तीच "अगंऽ" म्हणायची. तिला दुसरीतून काढून म्हशींमागं पाठवलं होतं. कळवणकडचं तिचं माहेर. ते दुसरीचं दुःख तिनं आयुष्यभर उरात ठेवलं आणि त्याचा सगळा त्रास मला झाला, कारण माझ्या पाटीवरची एक रेघ वाकडी गेलेली तिला खपायची नाही.

मी पाचवीत असताना घरात एक गोष्ट ठरत आली होती. दोन ठिकाणी दोन चुली चालवणं जमत नव्हतं. उन्हाळा संपला की आम्ही सगळ्यांनी दादांच्या गावी राहायला जायचं. तिथली शाळा चौथीपर्यंत. मिलिंद लहान होता, त्याचं निभलं असतं. माझं शिक्षण तिथेच संपणार होतं. हे कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. आई फक्त अधूनमधून माझी दप्तराची पिशवी हातात घेऊन तिची शिवण बघत बसायची, उसवली नसली तरी.

अशात लढाई आली. आधी सायरन आला. मग खिडक्यांच्या काचांना खळीनं वर्तमानपत्रं चिकटवायचा हुकूम आला. आमच्या खिडकीला काच एकच होती, तरी मिलिंदनं अख्खं पातेलं भरून खळ केली आणि उरलेली भिंतीला फासली. देवळालीच्या बाजूनं लष्कराच्या गाड्या दिवसभर जायच्या, भांडी हादरायची. नळावर बायका अमेरिकेबद्दल बोलू लागल्या. अमेरिकेचं सातवं आरमार निघालंय म्हणे, समुद्रातून येतंय म्हणे. गोदावरीत येईल का, असं एका म्हातारीनं खरोखर विचारलं होतं. आम्ही हसलो, पण त्या दिवशी पाण्यावरून कुणी भांडलं नाही.

वसाहतीपासून थोड्या अंतरावर लष्करासाठी तंबू शिवायचा एक कारखाना होता. तिथले पुष्कळ कारागीर फौजेतून सुटून आलेले, पण फौजेनं नाव राखून ठेवलेले. लढाईची चिन्हं दिसताच, सायरन यायच्या आधीच, त्यांना परत बोलावणी आली होती. इकडे मशीनं रिकामी आणि तिकडे तंबूंची मागणी तिप्पट. मग कारखान्यानं, जे कधी केलं नव्हतं ते केलं, बायका घ्यायला सुरुवात केली. आईला घरी मशीनवर चोळ्या-परकर शिवायची सवय होती. ती एका दुपारी गेली ती दिवेलागणीला धापा टाकतच आली.

"घेतलं गं मला! सायब म्हनला, बदलीवर घेतो."

बदलीवर! आमच्या घरात केवढा आनंद झाला. शनिवारी दादा आले, त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की बदलीच म्हणाला?" आई म्हणाली, "मंग काय, माझ्या कानांनी ऐकलं." दादांनी चपला न काढताच मला गुळाचा खडा आणायला पिटाळलं आणि शेजारीपाजारी वाटला. "आता तू तुझी बदली सुरगाण्याला करून घे म्हणजे झालं," अशी त्यांनी तिची थट्टा केली. आई लाजली. सुरगाण्याला जायचा विषय निघाला तो असा, थट्टेत, आणि तिथेच मिटला. आई कमावणार, मग आम्ही इथेच राहणार आणि मी शिकणार. एवढा शिकलेला माझा बाप, पण बदली या शब्दाचा दुसरा अर्थ त्यालाही माहीत नव्हता. मास्तरांच्या जगात तो नव्हताच.

आईचं रूप बदललं. साडीचा पदर खोचून, डबा घेऊन ती भोंग्याला बाहेर पडायची. तिच्यासारख्याच वसाहतीतल्या आणखी दहाबारा जणी असतील. पानाच्या टपरीवरचे रिकामटेकडे आधी खोकायचे, मग गाणी म्हणायचे, मग त्यांच्याच घरातल्या बायका त्या रांगेत दिसू लागल्यावर गप्प झाले. तंबूचं कापड जाड, त्याला मेणाचा वास. तो वास आईच्या केसांत बसला, भाकरीलाही यायचा. तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली. मला वेणी घालताना तिची बोटं केसांत अडकायची आणि मी ओरडायचे. रविवारी आई पाय पसरून भिंतीला टेकायची आणि दादा पिठलं करायचे. त्यात गाठी व्हायच्या. आई त्या गाठी बोटानं मोडून खायची आणि म्हणायची, "झ्याक झालंय." एवढं निखालस खोटं ती एरवी कधी बोलली नाही.

तिच्या शेजारच्या मशीनवर रझियाबी नावाची मालेगावची बाई बसायची. मागावाल्यांच्या घरातली, कारखान्यांच्या भाषेत जन्मलेली. एकदा जेवणाच्या सुट्टीत आई तिला आपली बदली कुठे कुठे होऊ शकते ते विचारत होती. रझियाबीनं घास खाली ठेवला.

"अगं कौसाबाई, तुला बदलीचा मतलब ठाऊक नाय का? बदली मंजे दुसऱ्याच्या जागेवर बसलेला मानूस. तो परत आला की आपन उठायचं."

आई त्या संध्याकाळी घरी आली आणि हातपाय न धुता उंबऱ्यात बसून राहिली. तिथूनच म्हणाली, "कुणाच्या तरी पाटावर बसून जेवतेय गं मी." मला तेव्हा ते समजलं नाही. मला फक्त सुरगाणा दिसला.

दुसरी एखादी असती तर गप्प राहिली असती. आईनं कारखान्यात विचारून काढलं की आपण कुणाच्या जागेवर आहोत. यशवंत त्याचं नाव. त्याची बायको देवळाली गावात राहत होती. आई रविवारी मला बरोबर घेऊन तिच्या घरी गेली. दारात तरणीताठी, सावळी, गयाबाई उभी होती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळाला मोठं कुंकू.

"मी कौसल्या. तुझ्या मालकाच्या मशीनवर मी बसते," आई म्हणाली.

गया घाबरली. "काय झालं? ते बरं हायेत ना?"

"नाय गं, काय नाय झालं. म्हनलं, वळख करून घ्यावी. त्यांचं मशीन नीट ठेवलंय मी, एवढंच सांगाया आले."

गया हसली आणि तिनं चहा टाकला. मग दर पंधरवड्याला जाणं-येणं सुरू झालं. मी तिला गयामावशी म्हणू लागले. तिला मूलबाळ नव्हतं. माझी वेणी ती घालायची, तिची बोटं मऊ होती.

लढाई पाहता पाहता संपली. फटाके वाजले, खिडकीवरचे कागद ओरबाडून काढले. पण तंबूंचं काम चालूच राहिलं, कारण लढाईत पकडलेल्या हजारो माणसांना ठेवायला छप्पर लागत होतं. आणि मग आपले शिपाई एकेक करून परतू लागले. कारखान्यातल्या बायकांनी तेव्हा आपली एक रीत पाडली होती. ज्या मशीनचा माणूस आला, त्यावरच्या बदलीनं त्या दिवशी मशीनला तेल द्यायचं, स्वच्छ पुसायचं, फळीवर गुळाचा खडा ठेवायचा आणि उठून उभं राहायचं. तो आला की कातर त्याच्या हातात द्यायची. पहिली उठली ती रझियाबी. "खुशाल ऱ्हावा," असं त्या माणसाला म्हणाली आणि डबा घेऊन भोंग्याआधीच बाहेर पडली. तो शिपाई बिचारा कातर हातात धरून अवघडून उभा राहिला म्हणे. ती मालेगावला गेली, परत कधी दिसली नाही. एका घरी आनंदानं दिवे लागायचे त्याच दिवशी दुसऱ्या घरची चूल मंद व्हायची. राग धरावा तर कुणावर? लढून आलेल्या माणसावर? बायका एकमेकींना विचारायच्या, "आज कुणाचा आला?" आणि आई सांगायची, "आमचा नाय आला अजून." ती आमचा म्हणायची.

त्यानंतरचा दुष्काळ मी फार सांगत नाही, तो सगळ्यांनी सांगितला आहे. रेशनवर अमेरिकेचा मिलो यायचा, लालसर ज्वारी. त्याची भाकरी तव्यावरच तुटायची. जिचं आरमार येणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो, तिचंच धान्य आता आम्ही खात होतो. दादांनी आणलेली नागली संपली की मिलिंद ती भाकरी बघून रडायचा. डोंगराकडून माणसांचे जथेच्या जथे कामाला शहराच्या कडेला येऊन पडले. द्राक्षांच्या मळ्यांशेजारी नवे कारखाने उभे राहिले, त्यांच्या भिंतींना लागून पत्र्याच्या खोल्या. ते आलेले पुष्कळसे परत गेलेच नाहीत. मी दहावीला बसले तोवर नाशिकरोड मला ओळखू येईना. लढाया सीमेवर होतात असं पुस्तकात असतं. आमच्याकडे लढाईनं घरं हलवली, चुली हलवल्या, कुणी कुठे बसायचं ते बदललं.

कैद झालेले शिपाई परत आले तेव्हा गयामावशीनं घर सारवलं. त्यांच्यात यशवंत नव्हता. मेलेल्यांतही त्याचं नाव नव्हतं. बेपत्ता, असा शब्द तिला सांगितला गेला. पत्ता तर माझा ह्योच हाय, ती म्हणाली, मग बेपत्ता कसा? कारखान्यातल्या सगळ्या बदल्या एव्हाना उठल्या होत्या. शंभर पुरुषांत आई एकटीच राहिली होती. आणि गयामावशीनं स्वतःपुरता एक हिशेब मांडला होता. ती माझ्यासमोरच आईला म्हणाली, "कौसा, तू बदलीवर हायेस तवर त्यो हाय. बदली कवा ठेवतात? मूळ मानूस येनार असंल तवाच ना?"

आई "हो गं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

माझा मुलगा अमेरिकेत मोटारींच्या गावात नोकरीला होता, तेव्हा मी तिथे काही महिने राहून आले. त्या गावात आख्ख्या गल्ल्या ओस पडलेल्या, घरांतून झाडं उगवलेली. शेजारी एक काळी म्हातारी राहायची, नव्वदीच्या घरातली. मी तिला पुरणपोळी नेऊन दिली तेव्हा आमची गट्टी झाली, मुलगा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचा. तिच्या तरुणपणीच्या मोठ्या लढाईत ती दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतातून या शहरात आली, विमानं जोडायच्या कारखान्यात लागली. पुरुष परत आले आणि तिला घरी धाडलं. मग शहराबाहेर नवी टुमदार घरं झाली, गोरे तिकडे गेले, हिच्या माणसांना तिथे घर घेऊ दिलं नाही. मागाहून कारखानेही निघून गेले. ही त्याच गल्लीत राहिली. मी आईचं सांगितलं. तिनं विचारलं, तुझ्या आईचं काम राहिलं का? मी म्हटलं, राहिलं, म्हातारपणापर्यंत राहिलं. मग तुझी आई माझ्यापेक्षा नशीबवान, असं म्हणून तिनं माझा हात दाबला. पुढचं सांगायला मुलाचं इंग्रजी पुरलं असतं, पण मलाच ते सांगता येईना.

ते असं होतं. मी सातवी पास झाले आणि हायस्कुलात प्रवेश घ्यायचा होता, तेव्हा आईला ऑफिसात बोलावलं. साहेब भला माणूस असावा. तो म्हणाला, बाई, तुमचं काम चांगलं आहे, आता बदली-फिदली पुरे, तुम्हाला पर्मनंट करतो. तसं नसेल तर ही जागाच बंद करायची आहे, वरून सांगून आलंय.

आईनं विचारलं, "आन् त्या मानसाची जागा?"

"ती आता रिकामी धरायची," साहेब म्हणाला.

आईनं मुदत मागून घेतली. शनिवारी दादा आले. ज्या शब्दासाठी गूळ वाटला होता त्याच्याहून मोठा शब्द आज घरात आला होता, पण गुळाचं नाव कुणी काढलं नाही. दादा म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर जागा यशवंतला थोडीच मिळणार आहे? ती जाईलच. आणि पोरीला सुरगाण्याला न्यावं लागेल." त्यांचं बोलणं खरं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा कधी कधी किती संताप येतो! आईनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सोमवारी तिनं सही केली. दुसरीपर्यंतच्या अक्षरात, कौसल्या असं.

मग ती म्हणाली, "हे दुसऱ्या कुनाच्या तोंडून तिला कळाया नको." आणि रविवारी आम्ही दोघी देवळाली गावात गेलो.

गयामावशी मागच्या दारी भांडी घासत होती. आम्हाला पाहून हात धुवायला निघाली. आई उभ्यानंच म्हणाली, "गया, मला पर्मनंट केलं."

तिला कळायला वेळ लागला. मग ती खाली बसली, राखेच्या हातांनी.

"मंग त्यो?"

आईनं तिच्यापुढचं घासलेलं पातेलं उचलून पालथं घातलं.

"सरकारचा कागद आला का कारखान्यात?"

"नाय. कारखान्यानंच ठरवलं."

"सरकार बी आजून म्हनलं नाय कौसा. सरकारच्या आधी तू म्हनलीस?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू नाय म्हनायचं व्हतं."

"पोरीची शाळा सुटली असती गं," आई म्हणाली आणि रडू लागली. मी आईला रडताना तोवर पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण दोघीही आता माझ्याकडे बघत होत्या.

गयामावशीनं घासणी खाली ठेवली. मग म्हणाली, "कितवीत जानार तू?"

"आठवीत."

"बरं. शिक." असं म्हणून तिनं कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं, घाम पुसावा तसं. साबणाची वडी घेतली आणि माझ्यापुढे हात धरला. "पानी घाल जरा."

"असलं काही आपल्या बौद्धांत करत नाय गया," आई कळवळून म्हणाली. "आमच्या ह्यांनी सांगितलंय ना, आपन सोडलंय हे बांगड्या उतरवायचं."

"ठावं हाय मला. घाल गं पोरी."

मी तांब्या उचलला. ती मनगटाला साबण लावायची, अंगठा आत दुमडायची आणि एकेक बांगडी ओढून काढायची. एकही तिनं फोडली नाही. हात लाल होत गेला, फेस खाली राखेत मिसळत गेला. आई तोंडाला पदर लावून उंबऱ्यात उभी होती. उजवा हात रिकामा झाला, मग डावा तिनं पुढे केला. डाव्या हातात शेवटची एक राहिली. तिच्यावर तिनं पुन्हा साबण लावला, मी पाणी घातलं, बांगडी हाडापर्यंत आली. तिथे गयामावशी थांबली. क्षणभर तिनं डोळे मिटले आणि ती बांगडी परत वर सारली.

"ऱ्हाऊ दे येक," ती म्हणाली. "सरकारचा कागद आजून आला नाय."